घरखर्चाची शंभर वर्षं : कणगीपासून हप्त्यापर्यंत



शताब्दीची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी विषय वाटून घेतले. कुणी दिंडीच्या स्थापनेवर लिहितो म्हणालं, कुणी विणेकऱ्यांच्या परंपरेवर, कुणी वाटेवरच्या मुक्कामांवर. आम्ही घरखर्चाचा विषय मागून घेतला. दोघं-तिघं हसले. म्हणाले, महाराज, वारीच्या पुस्तकात मीठ-मिरचीचा हिशेब कशाला? पण दिंडी चालते ती घराच्या जिवावर. ज्या घरात कणगी भरलेली असते तिथला माणूस निर्धास्त होऊन पंढरीची वाट धरतो. ज्या घरात देणेकरी दारात उभा असतो, तिथल्या माणसाच्या हातात टाळ असतो आणि मन मागं घरी असतं. म्हणून गावातल्या घरांचा खर्च कसा बदलत गेला हासुद्धा दिंडीचाच इतिहास आहे असं आम्ही समजतो.

आमची शाळा चौथीपर्यंतची. सरकारी पाहणीचे आकडे शिकलेल्या पोरांनी काढून दिले. बाकीचं म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पैशाशिवायचा संसार

शंभर वर्षांमागं नागापूर म्हणजे सीना नदीच्या काठचं कोरडवाहू गाव. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी, तूर आणि तेलापुरती करडई. घरखर्च हा शब्दच तेव्हा फारसा कुणी वापरत नव्हतं, कारण खर्चायला रोकड हातात नसायची. धान्य कणगीत, दूध गोठ्यात, सरपण बांधावर, गोवऱ्या उकिरड्याशेजारी. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट यांना बलुतं धान्यात जायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली आलं. गावातलं देणं-घेणं कसं चालत होतं आणि त्यात कुणावर किती बोजा पडत होता हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी ते वाचावं, नाहीतर पोरांकडून वाचून घ्यावं. बलुत्याची ती रीत सगळ्यांना सारखी सुखाची नव्हती, हेही इथं सांगायला पाहिजे. खळ्यावर शेवटी उभं राहून मिळेल ते पदरात घेणाऱ्यांच्या वाट्याला राबणं जास्त आणि धान्य थोडं असायचं.

रोख पैसे लागायचे ते मोजक्या गोष्टींना. मीठ, चिमणीपुरतं रॉकेल, गूळ, वर्षाचं लुगडं आणि धोतर, नांगराचा फाळ, बांगड्या. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. शंभर पैशांचा रुपया आला १ एप्रिल १९५७ ला. त्यानंतरही कितीतरी वर्षं म्हातारी माणसं चाराण्याला चार आणेच म्हणत आणि किलोऐवजी शेर-पायलीनं मोजत.

पण रोकड हवी असायची अशी दोन मोठी ठिकाणं होती. एक सरकारचा शेतसारा आणि दुसरा सावकार. पाऊस पडो न पडो, सारा रोखीनंच. तो भरायला सावकाराकडं जायचं आणि सावकाराचं फेडायला पुढचं पीक. याच कोंडीतून १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आलं. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून थोडी सुटका देणारा कायदा झाला.

त्या दंग्याची चौकशी करायला सरकारनं मंडळ नेमलं होतं. तेव्हाही मोठी माणसं म्हणत, कुणबी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जात बुडतो. पण चौकशी मंडळानंच लिहून ठेवलं की लग्नखर्चाला उगाच जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. महात्मा फुले यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हा आरोप फेटाळून लावला. गरिबाच्या घरी खर्च दिसला की बोट त्याच्या ताटाकडं दाखवायचं, त्याच्या कमाईकडं कुणी बघायचं नाही, ही खोड जुनी आहे. पुढं आम्ही आजच्या लग्नांबद्दल दोन शब्द बोलणार आहोत, तेव्हा वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या दिंडीच्या थोडं आधी, १९१७ साली, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन साहेब यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर हिशेब मांडून पुस्तक छापलं. शंभरावर घरं होती. शेती आणि बाहेरची मजुरी दोन्ही धरूनसुद्धा तीनातली जवळपास दोन घरं आपला खर्च भागवू शकत नव्हती. पुण्यासारखं शहर शेजारी असलेल्या गावाची ही गत. मग आपल्या अवर्षणाच्या मुलखाचं काय असेल याचा अंदाज बांधावा.

आणि तरी त्याच काळात माणसं दिंडी काढून निघाली. पडशीत पीठ, डाळ, मिठाचा खडा, मिरच्या, खांद्यावर घोंगडी. मिरजगाव, करमाळा, टेंभुर्णी करत पंढरपूर. घरी जे खात होते तेच वाटेवर खाल्लं. वारीचा म्हणून वेगळा खर्च नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ

आमच्या पिढीचा हिशेब सुरू होतो १९७२ च्या दुष्काळापासून. आम्ही तेव्हा शाळा सुटलेली पोरं होतो. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरं दावणीवरून सोडून द्यावी लागली. माणसं नालाबांधाच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेचा तांबडा मिलो यायचा. त्याची भाकर नीट थापली जायची नाही, पण पोट भरायची. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढं २००५ साली सगळ्या देशासाठी तसा कायदा करावा लागला. महाराष्ट्राच्या खडी फोडणाऱ्या हातांनी देशाला दिलेली ही गोष्ट आहे.

घरखर्चाच्या बाजूनं बघितलं तर तेव्हा मोठा बदल झाला. आठवड्याची मजुरी रोखीनं हातात आली आणि ती बायकांच्याही हातात आली. कणगी रिकामी असताना पहिल्यांदाच गावातल्या बऱ्याच घरांनी धान्य दुकानातून विकत आणलं. शेतकरी म्हणवणारा माणूस पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला.

सरकारची एक नमुना पाहणी असते. देशभरातली काही घरं निवडून त्यांना विचारतात की महिन्याला कशावर किती खर्च केला. घरच्या शेतातलं खाल्लेलं धान्यही त्यात किंमत धरून मोजतात. १९७२-७३ सालच्या पाहणीत देशातल्या खेड्यांमधलं घर रुपयातले जवळपास ७३ पैसे खाण्यावर घालवत होतं आणि त्यातले ४० पैशांहून जास्त नुसत्या धान्यावर. म्हणजे कपडा, दवा, शाळा, दिवा, प्रवास, देवधर्म हे सगळं २७ पैशांत बसवायचं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना हा आकडा खोटा वाटणार नाही.

शिवार गेलं, पगार आला

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि पुढं त्याची नगरची वसाहत आपल्या नागापूरच्या शिवारात आली. जिथं बाजरी डोलायची तिथं पत्र्याची शेडं उभी राहिली. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला. काहींनी दुसरीकडं जमीन घेतली, काहींनी माडी बांधली, काहींची रक्कम मोटारसायकल आणि लग्नात दोन-चार वर्षांत संपली. पोरं कंपनीत लागली. बाहेरगावच्या कामगारांसाठी लोकांनी खोल्या बांधल्या. आज नागापूर महापालिकेच्या हद्दीत आहे आणि पुष्कळ घरं शेतावर कमी, पगारावर आणि भाड्यावर जास्त चालतात.

पगार महिन्याला येतो, पीक वर्षाला यायचं. या एका फरकानं घराची चाल बदलली. पूर्वी सुगीला वर्षाची बेगमी व्हायची, आता महिन्याच्या सात-आठ तारखेला किराणा भरायचा. बेगमी गेली तशी शिल्लक ठेवायची सवयही सैल झाली. पुढच्या महिन्यात पगार येणारच आहे, या भरवशावर आज खर्च होतो.

दुधाचंही तसंच. आपला जिल्हा सहकाराचा. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्री त्यांच्या पाठीशी होते. त्या वाटेनं पुढं गावोगाव दूध संस्था झाल्या. दर दहा दिवसांनी दुधाचं पेमेंट येऊ लागलं, त्यावर बायकांचा बाजारहाट भागला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण पूर्वी घरात फुकट मिळणारं ताक, दही, लोणी कमी झालं आणि पाहुण्याला ताकाऐवजी चहा आला. मग चहाला साखर आली, साखरेबरोबर बिस्किटाचा पुडा आला.

इथं आयाबायांची आठवण काढली नाही तर हा हिशेब खोटा ठरेल. नव्या पिढीला सांगायला पाहिजे की पूर्वी घर स्वस्तात चालायचं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे बायांच्या कष्टाची मजुरी कुणी धरत नव्हतं. पहाटे जात्यावर दळण, नदीवरून पाणी, रानातून सरपण, गोवऱ्या थापणं, हातशिलाई. आज गिरणीचे पैसे लागतात, गॅसची टाकी लागते, पाणीपट्टी लागते, विजेचं बिल येतं. म्हातारी माणसं म्हणतात, खर्च फार वाढला बुवा. वाढला खरा, पण यातला बराचसा खर्च म्हणजे आपल्या आईच्या पाठीवरचं ओझं आहे, जे आता पैशानं उचललं जातं. त्या खर्चाला कुणी चैन म्हणू नये.

आजचा रुपया

आता २०२२-२३ ची पाहणी बघा. देशातल्या खेड्यांत तेव्हा माणशी महिन्याला सरासरी ३,७७३ रुपये खर्च होत होता. त्या रुपयात खाण्यावर ४६ पैसे. धान्यावर तर ५ पैसेसुद्धा नाहीत. जे धान्य पन्नास वर्षांमागं रुपयातले ४० पैसे खायचं ते ५ पैशांवर आलं. रेशन हे त्याचं एक कारण. २०१३ साली अन्न सुरक्षेचा कायदा झाला आणि २०२३ पासून त्यातलं धान्य फुकट मिळतं. दुसरं कारण असं की माणसाचं पोट एवढंच आहे. कमाई वाढली म्हणून कुणी चार भाकरींच्या जागी आठ खात नाही. जर्मनीत एर्न्स्ट एंगेल नावाचे गृहस्थ होऊन गेले. घराची कमाई वाढत गेली की खर्चातला खाण्याचा वाटा कमी होत जातो, हे त्यांनी १८५७ सालीच मांडलं होतं.

मग आपण सुखी झालो म्हणायचं का? एका अर्थानं होय. उपाशी झोपणारं पोर आज आपल्या आळीत नाही, ही पांडुरंगाची आणि राबणाऱ्या हातांची कृपा. पण बाकीचे पैसे कुठं गेले तेही बघावं.

बाटलीतलं, पुड्यातलं आणि बाहेरचं तयार खाणं, चहापाणी धरून, रुपयात साडेनऊ पैशांहून जास्त. म्हणजे धान्याच्या जवळपास दुप्पट. गाडी-प्रवासावर साडेसात पैसे. दवाखान्यावर ७ पैसे. पान, तंबाखू आणि नशापाण्यावर पावणेचार पैशांच्या वर, आणि पोरांच्या शिक्षणावर ३ पैसे आणि थोडं. सरकारी शाळा फुकट असल्यानं शिक्षणाचा आकडा लहान दिसतो हे खरं. तरीपण तंबाखू-दारूला शाळेपेक्षा जास्त पैसे जातात ही गोष्ट माळ घातलेल्या माणसाला टोचली पाहिजे. माळकऱ्याच्या घरात हे पावणेचार पैसे वाचतात. माळ घालण्याचा हा जमेचा आकडा आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो आणि तो घरातल्या माउलीला सगळ्यांत आधी पटतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या सरकारी रुपयात कर्जाचा हप्ता धरलेला नाही. खत, बियाणं, औषध फवारणी हा शेतीचा खर्चही नाही. आज आपल्या भागात पगाराचा मोठा भाग आधी हप्त्यात जातो. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, बचत गटाचा हप्ता. पूर्वी सावकार वर्षातून एकदा खळ्यावर यायचा. आता हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून परस्पर वळता होतो आणि मग उरेल त्यात किराणा बसवायचा. कागद बदलले, पण देण्याची टोचणी तीच आहे.

दवाखान्याचं तर विचारू नका. वाटेवर आमच्याबरोबर चालणाऱ्या एका जोडीदाराला छातीत कळ आली. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात आठवडाभर ठेवलं. जीव वाचला, पण घरची दोन जनावरं आणि सुनेच्या पाटल्या गेल्या. हा खर्च कुणी हौसेनं करत नाही. म्हणून कमाई वाढली की सुख वाढतं हे गणित सरळ नाही. हौसेचा खर्च वाढला तर ती बरकत, धाकाचा खर्च वाढला तर ती बरकत नव्हे.

लग्न, सप्ताह आणि आम्ही

लग्नाबद्दल दोन शब्द बोलतो असं वर म्हटलं होतं. १९७२ च्या सुमारास तोळाभर सोनं दोनशे रुपयांच्या आसपास होतं. २०२५ साली ते लाखाच्या वर गेलं. पूर्वी लग्नात लापशी किंवा बुंदी, जागा दारापुढचा मांडव, आणि स्वयंपाकाला सगळी आळी. आता मंगल कार्यालय, केटरर, ड्रोनचा कॅमेरा, लग्नाआधीचं शूटिंग. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, पण त्याच्या पाठीमागून मानपान आणि भेटवस्तू चालूच आहेत. शेतकरी लग्नामुळंच बुडाला असं आम्ही म्हणत नाही. पाऊस, बाजारभाव आणि दवाखाना यांचा वाटा त्याहून मोठा. पण पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही. लग्न आपल्या हातात आहे. जे हातात आहे तेवढं तरी सावरावं.

हे सांगायचा अधिकार आम्हा कीर्तनकारांना तेव्हाच, जेव्हा आम्ही स्वतःच्या बिदागीबद्दल बोलू. आम्ही कीर्तन करू लागलो तेव्हा नारळ, वाटखर्च आणि कधी एक उपरणं मिळायचं. आज काही ठिकाणी एका कीर्तनाच्या बिदागीत गरिबाच्या घराचा महिना निघेल. सप्ताहाचा मांडव, साउंड, एलईडी पडदे, आणि वर्गणी मात्र दारोदार. कथेचं मोल घेऊ नये असं तुकोबारायांनी बजावलेलं आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानं लोक खचलेले बघून त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. ज्या संतांनी लोकांचं देणं बुडवलं, त्यांच्या नावानं चाललेल्या सप्ताहासाठी कुणाला देणं करावं लागू नये.

शिधा की भिशी

आता शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठीच हा लेख लिहिला. शताब्दीनंतर दिंडीची घडी कशी ठेवायची यावर सध्या आपल्यात बोलणं चालू आहे. काही तरुण मंडळींचं म्हणणं असं की घरोघरचा शिधा बंद करावा आणि माणशी ठरावीक रोख भिशी घ्यावी. धान्य गोळा करा, निवडा, दळा, ट्रकमध्ये भरा, यात वेळ जातो. आचारी लावला की काम सोपं. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. ट्रकचं डिझेल, पाण्याचा टँकर, गॅसच्या टाक्या, औषधाची पेटी या गोष्टी धान्यानं येत नाहीत, त्यांना रोकडच लागते.

तरी आमचं मत असं की भिशी ठेवावी, पण शिधा बंद करू नये. शंभर वर्षांत घरातली एकेक वस्तू पैशात गेली. धान्य गेलं, दूध गेलं, सरपण गेलं, दळण गेलं. त्यातलं पुष्कळ गेलं ते बरंच झालं. पण शिधा ही एकच गोष्ट अशी उरली आहे जिच्यात गरीब आणि श्रीमंत एका मापानं देतात. रोख रक्कम ठरवली की ज्याच्या हप्त्याची तारीख जवळ आहे तो म्हातारा म्हणतो, यंदा राहू द्या, पुढच्या साली येतो. पायलीभर बाजरी मात्र तो कुठूनही आणतो, आणि मान वर करून पंगतीत बसतो. शिवाय वाकळीत पैसे गुंडाळून ठेवायची सोय नसलेल्या आमच्या माळकरी बायांचा दिंडीतला हक्क या शिध्यावरच टिकलेला आहे. त्यांच्या हातात घरची रोकड नसते, पण डब्यातलं पीठ त्यांच्या हातात असतं.

म्हणून आमची सूचना अशी. ज्याला जमेल त्यानं भिशी द्यावी, ज्याला जमत नाही त्याचा शिधा पुरेसा मानावा, आणि कुणी काय दिलं याचा फलक लावू नये. दिंडीचा जमाखर्च मात्र दरवर्षी परतीच्या आधी सगळ्यांसमोर वाचून दाखवावा, पै-पैचा. आणि प्रत्येक घरानं वारीपासून वारीपर्यंत एक वही लिहावी. कशावर किती गेलं एवढंच. नवरा-बायकोनं मिळून लिहावी. आपण कशापायी राबतो हे त्या वहीत आपोआप दिसतं, कुणा महाराजानं सांगावं लागत नाही.

पुढच्या शंभर वर्षांनी कुणीतरी दुसरी स्मरणिका काढेल. त्यांना नागापूरच्या घरांचा हिशेब लिहायचा झाला तर त्या वह्या हाताशी असतील.